मात्रा ओळखावी : लॅपटॉपच्या ग्राफिक्स कार्डाला व्हिडिओ मेमरी किती हवी?

बारावीचा निकाल लागून प्रवेशाच्या याद्या प्रसिद्ध झाल्या, की आपल्या निवासी शाळेतून बाहेर पडलेल्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी एका वस्तूची चर्चा सुरू होते. अभियांत्रिकी, वास्तुरचना, अॅनिमेशन, संगणकशास्त्र यांपैकी कोणत्याही शाखेला प्रवेश मिळाला, तरी लॅपटॉप घ्यावाच लागतो. पुष्कळ कुटुंबांत ती वर्षातील सर्वांत मोठी खरेदी असते. कोणी शिष्यवृत्तीची शिल्लक मोडतो, कोणी पतसंस्थेकडून कर्ज काढतो, कोठे थोरला भाऊ दिवाळीचा बोनस बाजूला ठेवतो. अशा पैशांतून दुकानात पाऊल टाकले, की समोर एक आकडा उभा राहतो : ‘चार जीबी ग्राफिक्स’, ‘सहा जीबी ग्राफिक्स’, ‘आठ जीबी ग्राफिक्स’. आकडा जितका मोठा तितका लॅपटॉप चांगला, असे गृहीत धरून बोलणे चाललेले असते. या आकड्याचा नेमका अर्थ काय, तो केव्हा महत्त्वाचा ठरतो आणि केव्हा त्यासाठी दिलेला पैसा वाया जातो, हे समजावून सांगणे हा या लेखाचा हेतू आहे.

आरंभीच एक खुलासा करणे योग्य होईल. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेले लॅपटॉप बाजारात प्रामुख्याने ‘गेमिंग लॅपटॉप’ या नावाने विकले जातात. त्यामुळे त्रिमितीय चित्रे घडविणारा विद्यार्थी असो, इमारतींचे आराखडे करणारा असो किंवा चित्रफितींचे संपादन शिकणारा असो, त्याला याच दालनात जावे लागते. नाव गेमिंगचे असले म्हणून पालकांनी दचकू नये. आणि मुलगा किंवा मुलगी त्यावर गेमही खेळणार, हे कोणी लपवू नये. दोन्ही उपयोग डोळ्यांसमोर ठेवूनच हिशेब करावा.

व्हिडिओ मेमरी म्हणजे काय?

आपल्या वसतिगृहाचे भोजनगृह आठवून पाहावे. आचारी चुलीपाशी उभा असतो. त्याच्या हाताशी ओटा असतो. चिरलेली भाजी, मळलेली कणीक, तिखट-मीठ त्यावर मांडलेले असते. पलीकडच्या खोलीत कोठी असते, तेथे पोत्यांनी धान्य असते. संगणकातही अशीच व्यवस्था आहे. ग्राफिक्स कार्डावरील मुख्य चिप हा आचारी, त्याच्या लगत बसविलेली व्हिडिओ मेमरी हा ओटा आणि संगणकाची सर्वसाधारण रॅम ही कोठी.

ओटा मोठा केल्याने आचाऱ्याचा हात वेगाने चालू लागत नाही. मात्र ओटा अपुरा पडला, तर कितीही कुशल आचाऱ्याला प्रत्येक जिन्नसासाठी कोठीकडे धाव घ्यावी लागते आणि पंगत खोळंबते. व्हिडिओ मेमरीसंबंधीचे सारे शास्त्र या दोन वाक्यांत सामावले आहे. हा आकडा वेगाचे माप नव्हे. कामाला किमान किती जागा लागते, त्याची ती मर्यादा आहे. गरजेपेक्षा कमी असेल तर काम अडते. गरज भागल्यावर मात्र उरलेली जागा नुसती मोकळी राहते.

एवढी जागा कशाने भरते?

पडद्यावर दिसणारे चित्र साठविण्यासाठी मेमरी लागते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अंशतःच खरा आहे. नेहमीच्या फुल एचडी पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात; म्हणजे एकूण २०,७३,६००. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला ४ बाइट धरले, तर एक संपूर्ण चित्र सुमारे ८.३ एमबी जागा व्यापते. ठिपके चौपट असलेल्या फोरके पडद्याचे चित्रदेखील सुमारे ३३ एमबीच होते. हजारो एमबी क्षमतेच्या कार्डात ही जागा नगण्य आहे. प्रत्यक्षात चित्र तयार होताना खोली, प्रकाश, सावल्या यांचे अनेक मधले थर ठेवावे लागतात आणि पडदा मोठा तशी त्यांची जागाही वाढते. तरी त्यामुळे सहा-आठ जीबी भरून जात नाहीत.

खरी जागा खाते ती पडद्यामागची सामग्री. गेममधील भिंतीला विटांचे रूप येते, जमिनीला मातीचे, पात्राच्या अंगावरील वस्त्राला सुताचे. वस्तूच्या पृष्ठभागावर जणू कागद चिकटवावा तशी ही चित्रे चढविलेली असतात. त्यांना टेक्श्चर म्हणतात. ४,०९६ गुणिले ४,०९६ ठिपक्यांचे एक टेक्श्चर जसेच्या तसे ठेवले, तर सुमारे ६७ एमबी जागा लागते. प्रचलित पद्धतीने संक्षेप करून ते साधारण १७ एमबीवर आणता येते. परंतु एकेका वस्तूला रंग, उंचसखलपणा, चकाकी अशी तीन-चार टेक्श्चर लागतात आणि एका दृश्यात शेकडो वस्तू असतात. त्यात आकृत्यांचे भूमितीय सांगाडे, सावल्यांचे नकाशे आणि प्रकाशकिरणांचा मार्ग मोजणाऱ्या रे ट्रेसिंग तंत्राची जुळणी यांची भर पडते. मेमरी भरते ती अशी.

या समजुतीतून एक व्यवहारोपयोगी गोष्ट निष्पन्न होते. मेमरी कमी पडत असेल, तर गेमच्या मांडणीत सर्वप्रथम टेक्श्चरचा दर्जा एक पायरी खाली आणावा. टेक्श्चरच्या दोन्ही बाजूंचे ठिपके निम्मे केले, की त्याची जागा एकचतुर्थांश होते. साडेपंधरा इंची पडद्यावर सर्वोच्च आणि त्याखालील पायरीतील फरक बहुधा शोधावा लागतो. जागेतील बचत मात्र तत्काळ जाणवते.

मेमरी अपुरी पडली तर?

येथे आकडेच अधिक बोलके आहेत. आरटीएक्स ४०६० या लॅपटॉपमधील प्रचलित कार्डाची चिप आपल्या व्हिडिओ मेमरीतून सेकंदाला सुमारे २५६ जीबी माहिती वाचू शकते. तीच माहिती संगणकाच्या रॅममधून मागवायची झाल्यास, कार्ड आणि मदरबोर्ड यांना जोडणाऱ्या मार्गाने सेकंदाला सुमारे १६ जीबीच येऊ शकते. म्हणजे ओट्यावरून उचलणे आणि कोठीतून आणणे यांत सोळापटींचे अंतर आहे.

गेम सुरळीत भासण्यासाठी सेकंदाला ६० चित्रे तयार व्हावी लागतात. प्रत्येक चित्राच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात. तेवढ्या अवधीत त्या अरुंद मार्गाने फार तर पाव जीबी माहिती येईल. एखाद्या दृश्याला लागणारी एक जीबी सामग्री कार्डात मावली नाही, तर ती आणण्यातच चार चित्रांचा वेळ खर्ची पडतो. खेळणाऱ्याला चित्र क्षणभर अडखळल्यासारखे दिसते, पुन्हा धावते, पुन्हा अडखळते. काही गेम असे अडखळणे टाळण्यासाठी टेक्श्चर आपण होऊन पुसट करतात, तर काही बंदच पडतात. म्हणून केवळ सेकंदाला सरासरी किती चित्रे, हा आकडा पाहून मेमरी पुरेशी आहे असे म्हणता येत नाही. सरासरी उत्तम असूनही मधले अडखळणे त्रासदायक असू शकते.

याउलट एक भ्रमही दूर करावयास हवा. मेमरी मोजणारी साधने अनेकदा ‘आठपैकी साडेसात जीबी वापरात’ असे दर्शवितात आणि पाहणारा घाबरतो. पुष्कळ गेम जागा मोकळी दिसली, की पुढे लागेल म्हणून सामग्री आधीच आणून ठेवतात. राखून ठेवलेली जागा आणि खरी गरज या दोन भिन्न गोष्टी आहेत.

आकडा वाढत का गेला?

२०१५ मध्ये संगणकासाठी प्रसिद्ध झालेल्या जीटीए ५ या गेमची किमान अपेक्षा १ जीबी व्हिडिओ मेमरीची होती. २०२२ च्या एल्डन रिंगने किमान ३ जीबीचे कार्ड मागितले. २०२४ च्या अखेरीस आलेल्या इंडियाना जोन्सवरील गेमने किमान ८ जीबीचे आणि शिफारस म्हणून १२ जीबीचे कार्ड नमूद केले.

या चढणीचे एक प्रमुख कारण गेमिंगची घरगुती यंत्रे, म्हणजे कन्सोल, हे आहे. मोठे गेम प्रथम त्यांच्यासाठी रचले जातात आणि मग संगणकावर येतात. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ मध्ये चिप आणि चित्र यांना मिळून ८ जीबी मेमरी होती. २०२० च्या प्लेस्टेशन ५ मध्ये ती १६ जीबी झाली. ऐसपैस घर मिळाल्यावर संसार पसरतो, तसे गेमचे झाले. मात्र सर्वच गेम या शर्यतीत नाहीत. व्हॅलोरंटसारखा स्पर्धात्मक गेम मुद्दामच हलका ठेवलेला आहे. त्याच्या निर्मात्यांनी १ जीबी व्हिडिओ मेमरी पुरेशी मानली आहे. कोणता गेम खेळायचा, हे विचारल्यावाचून ‘किती मेमरी हवी’ या प्रश्नाला उत्तरच नाही.

कामानुसार मात्रा

वाणिज्य, कला, विधी, शिक्षणशास्त्र या शाखांचे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे, तसेच संकेतलेखन म्हणजे प्रोग्रॅमिंग शिकणारे बहुसंख्य विद्यार्थी यांना स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाची मुळीच गरज नसते. मुख्य प्रोसेसरमध्येच असलेले ग्राफिक्स त्यांना पुरते. या ग्राफिक्सला स्वतःचा ओटा नसतो, ते कोठीतूनच काम चालविते. म्हणून येथे वाचलेला पैसा १६ जीबी रॅम आणि चांगल्या एसएसडीवर खर्च करावा. असा लॅपटॉप वजनाला हलका असतो, बॅटरीवर अधिक काळ चालतो आणि वसतिगृहातील दोघांत एका प्लगवरही निभावून नेतो.

चार जीबीचे कार्ड हलके स्पर्धात्मक गेम, जुने गेम, द्विमितीय आराखडे आणि फुल एचडी चित्रफितींचे साधे संपादन यांना उपयोगी पडते. आरटीएक्स २०५० आणि ३०५० चे मूळ लॅपटॉप रूप या गटात येते. पुढील चार वर्षे नवे मोठे गेम खेळण्याची अपेक्षा असेल, तर हा गट आजच तोकडा आहे.

सहा जीबी ही मधली पायरी. ३०५० चे नंतरचे रूप आणि ४०५० ही कार्डे येथे येतात. फुल एचडी पडद्यावर बहुतेक गेम टेक्श्चर थोडे उतरवून खेळता येतात आणि त्रिमितीय चित्रणाचे शिक्षण सुरू करता येते.

आठ जीबी हा आजच्या विद्यार्थ्यासाठी संतुलित टप्पा आहे. ४०६०, ४०७०, ५०५०, ५०६० आणि ५०७० या नावांच्या लॅपटॉप कार्डांना सामान्यतः एवढीच मेमरी मिळते. ब्लेंडर या विनामूल्य त्रिमितीय साधनाच्या निर्मात्यांनीही किमान २ जीबी आणि शिफारस म्हणून ८ जीबी असे प्रमाण दिले आहे. अॅनिमेशन, वास्तुरचना, गेमनिर्मिती यांच्या विद्यार्थ्याने शक्य असेल तर येथवर यावे. कारण संपूर्ण दृश्य कार्डाच्या मेमरीत मावले नाही, तर चित्रनिर्मितीचा वेळ अनेक पटींनी वाढतो किंवा ती थांबते.

बारा जीबी आणि त्यापुढील कार्डे, उदाहरणार्थ ५०७० टीआय, ५०८० वा ५०९०, फोरके पडदा, मोठी त्रिमितीय दृश्ये आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग यांसाठी आहेत. येथेही हिशेब सोपा आहे. सात अब्ज घटकांचे भाषा-प्रारूप प्रत्येक घटकाला २ बाइट धरून चालवायचे, तर १४ जीबी जागा लागते. प्रत्येक घटक ४ बिटांवर आणला, तर साडेतीन जीबीत मावते. असे प्रारूप नव्याने शिकवायचे झाल्यास मात्र याच्या कित्येक पट जागा हवी. म्हणून केवळ ‘एआय शिकायचे आहे’ या कारणासाठी पदवीच्या पहिल्याच वर्षी लाख-दीड लाखांचे ओझे उचलण्याची गरज नाही. गुगल कोलॅबसारख्या सेवेत मर्यादित काळासाठी विनामूल्य ग्राफिक्स कार्ड उपलब्ध होते आणि महाविद्यालयाची प्रयोगशाळाही असते. आरंभीच्या अभ्यासाला तेवढे पुरते.

आकड्यामागे लपलेले आकडे

मेमरी सारखी असली म्हणजे कार्डे सारखी ठरत नाहीत. लॅपटॉपमधील ४०६० आणि ४०७० या दोहोंना ८ जीबीच मेमरी आहे. परंतु पहिल्यात ३,०७२ गणनकेंद्रे आहेत, तर दुसऱ्यात ४,६०८. उलट २०१६ सालच्या जीटीएक्स १०७० या लॅपटॉप कार्डालाही ८ जीबी मेमरी होती. तरीही ६ जीबीचे ४०५० त्याहून वेगवान आहे. जुना लॅपटॉप ‘आठ जीबी ग्राफिक्स’ म्हणून कोणी पुढे केला, तर कार्डाची पिढी विचारावी.

नाव सारखे असले म्हणजेही कार्डे सारखी नसतात. डेस्कटॉपच्या ४०७० ला १२ जीबी मेमरी आहे, लॅपटॉपच्या ४०७० ला ८ जीबी. डेस्कटॉपच्या कार्डाचे परीक्षण पाहून लॅपटॉप घेणाऱ्याची येथे फसगत होते. शिवाय लॅपटॉपमध्ये कार्डाला किती वीज मिळते, हे बनविणारी कंपनी ठरविते. ४०६० साठी ही मर्यादा ३५ पासून ११५ वॅटपर्यंत आहे. पातळ, देखण्या लॅपटॉपमधील ४०६० आणि जाडजूड लॅपटॉपमधील ४०६० यांच्या कामगिरीत म्हणूनच ठळक अंतर पडते. हा वॅटचा आकडा कंपनीच्या तपशीलपत्रकात असतो. पेटीवर तो क्वचितच दिसतो.

सर्वांत अधिक दिशाभूल होते ती बेरजेने. विंडोज ही प्रणाली गरज पडल्यास ग्राफिक्ससाठी वापरता यावी म्हणून साधारणपणे निम्मी रॅम ‘शेअर्ड’ म्हणून दाखविते. ४ जीबीचे कार्ड आणि १६ जीबी रॅम असलेल्या लॅपटॉपवर त्यामुळे ४ अधिक ८ असे १२ जीबी दिसतात. ही बेरीज ओटा आणि कोठी यांची आहे. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्स या भागात जीपीयूवर गेल्यास ‘डेडिकेटेड जीपीयू मेमरी’ असा निराळा आकडा दिसतो. कार्डाची खरी मेमरी तेवढीच.

खरेदीपूर्वी

तथागतांनी केसपुत्त येथील कालामांना दिलेला उपदेश आपण प्रत्येक धम्मवर्गात ऐकतो : ऐकीव आहे म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून किंवा सांगणारा वजनदार आहे म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या. हा उपदेश जीवनाच्या मोठ्या प्रश्नांसाठी आहे, तसाच तो तालुक्याच्या दुकानात किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर उभे असतानाही उपयोगी पडतो. दुकानदार अप्रामाणिकच असतो असे नाही. पण मुलगा चार वर्षे काय शिकणार आहे, हे त्याला ठाऊक नसते. ते आपल्याला ठाऊक असते.

म्हणून प्रथम कामांची यादी करावी : अभ्यासक्रमातील सॉफ्टवेअर कोणते, गेम कोणते, पडदा कोणता. त्या प्रत्येकाच्या निर्मात्याने दिलेली किमान आणि शिफारशीची अपेक्षा पाहावी. महाविद्यालयातील वरच्या वर्गाच्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष काय लागते ते विचारावे. मग दुकानात चारच गोष्टी निश्चित कराव्यात : कार्डाचे पूर्ण नाव, डेडिकेटेड मेमरी, वॅट आणि रॅम पुढे वाढविता येते की नाही.

शेवटचा मुद्दा निर्णायक आहे. अनेक लॅपटॉपांत रॅम आणि एसएसडी नंतर वाढविता येते; त्यामुळे पहिल्या वर्षी ८ किंवा १६ जीबी रॅमवर भागवून पुढे भर घालता येते. व्हिडिओ मेमरीचे तसे नाही. लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सची चिप आणि तिची मेमरी बहुतेक सर्वत्र मदरबोर्डवर झाळलेली असते. खरेदीच्या दिवशी जी मिळाली तीच अखेरपर्यंत. म्हणून दोन पर्यायांत पैसा मोजकाच असेल आणि कामाला स्वतंत्र कार्ड खरोखर हवे असेल, तर रॅम आणि साठवण यांत आज काटकसर करून व्हिडिओ मेमरीची एक पायरी वर घेणे शहाणपणाचे. आणि कामाला कार्ड नकोच असेल, तर एक पायरीही घेऊ नये.

पाली वाङ्मयात ‘मत्तञ्ञुता’ असा एक सुंदर शब्द आहे. मात्रा जाणणे, असा त्याचा अर्थ. भोजनाच्या संदर्भात तो येतो; उपाशी राहणे त्यात अभिप्रेत नाही, तसेच पोट फुटेस्तोवर खाणेही नाही. साधनांच्या बाबतीत आपल्या समाजाने दोन्ही टोके पाहिली आहेत. साधनांअभावी अभ्यास अडलेली पिढी आजही आपल्यात आहे. म्हणून मुलांना कमी पडू नये, या मायेपोटी गरजेपेक्षा महाग वस्तू घेण्याचा मोह होतो. तो समजण्यासारखा आहे. परंतु अनावश्यक आठ जीबीवर गेलेली रक्कम एखाद्या सत्राचे शुल्क, खानावळीचे काही महिने किंवा धाकट्या बहिणीची पुस्तके असू शकली असती. आणि आवश्यक आठ जीबी न घेतल्यामुळे अॅनिमेशनच्या विद्यार्थिनीचा अंतिम प्रकल्प अडला, तर तीही काटकसर नव्हेच.

या क्षेत्रांत स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांना एवढेच सुचवावेसे वाटते, की जून-जुलै महिन्यांत धाकट्या भावंडांच्या खरेदीच्या याद्या एकदा पाहून द्याव्यात. दूरध्वनीवरची दहा मिनिटे एका कुटुंबाचे काही महिन्यांचे हप्ते वाचवू शकतात.